अंगणातली नाली आणि ३१ दिवसांची मजुरी : सास्तूरच्या निमित्ताने एक हिशेब

दरवर्षी ३० सप्टेंबर आला की सास्तूर, किल्लारी आणि आसपासच्या गावांची आठवण निघते. १९९३ च्या त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि दगड-मातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेल्याची शासकीय नोंद आहे. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला आणि लातूर-धाराशिवमधली पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. हे सगळे आपल्याला माहीत आहे. भाषणांत, लेखांत, शाळेच्या कार्यक्रमांत ते येते.

आज आम्ही ज्या विषयावर लिहितो आहोत तो मात्र कोणत्याही भाषणात येत नाही. तो विषय आहे घराच्या अंगणातल्या नालीचा. न्हाणीतून आणि भांडी घासायच्या जागेतून निघणारे पाणी रस्त्यापर्यंत नेणारी, हातभर रुंदीचीही नसलेली ती नाली. ती फुटली, खचली, तुंबली की दुरुस्त कोण करणार आणि पैसा कोणाचा, असा साधा प्रश्न आहे. वस्तीतले तरुण कार्यकर्ते स्मारकासाठी, विहारासाठी, शिष्यवृत्तीसाठी पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवतात. नालीसाठी मात्र कोणी जात नाही, कारण तो "ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न" समजला जातो. आमचे म्हणणे असे आहे की तो घरचा प्रश्न नाही. निदान पुरता नाही. आणि हे आम्ही भावनेने नाही, हिशेबाने सांगणार आहोत.

जमिनीवरून ठरलेले घर

सुरुवात पुनर्वसनापासूनच करावी लागेल. नव्या गावात कोणाला किती मोठे घर मिळणार, हे घरात माणसे किती यावरून ठरले नाही. ते ठरले जमिनीवरून. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचे घर. १ ते ७ हेक्टर असलेल्यांना ४०० चौरस फुटांचे. आणि ७ हेक्टरच्या वर असलेल्यांना ७५० चौरस फुटांचे. भूकंपाने सगळ्यांना एकाच रात्रीत बेघर केले, पण घर देताना सातबारा बघितला गेला.

सातबाऱ्यावर आपले नाव का नाही, याचा इतिहास या संकेतस्थळाच्या वाचकाला सांगायला नको. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते याच प्रश्नावर. मराठवाड्यात गायरानाचा झगडा अजून संपलेला नाही. तेव्हा पुनर्वसनाच्या यादीत आपली बहुतेक घरे २५० चौरस फुटांच्या रांगेत गेली, यात नवल नव्हते. नियमात जातीचा शब्द कुठेही नव्हता. जमिनीचा होता, आणि तेवढा पुरेसा होता.

आता तीस वर्षांहून अधिक काळ गेला. त्या वेळी पाळण्यात असलेली पोरे आज आई-बाप आहेत. २५० चौरस फुटांत दोन संसार मावत नाहीत. म्हणून अंगणात एक खोली निघाली, पत्र्याचे शेड आले, न्हाणी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. मोठ्या घरवाल्याला वाढायला जागा होती. छोट्या घरवाल्याकडे फक्त अंगण होते. त्या अंगणाखालून किंवा कडेने जाणारी नाली वाढीव बांधकामाखाली दाबली गेली, वळवली गेली, कुठे कुठे बुजली. "लोकांनीच नाल्या बुजवल्या" असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा ही गोष्ट सांगायला हवी. लोकांनी नाली बुजवली, कारण त्यांना घर लहान मिळाले होते.

नाली बिघडते कशाने?

कारणे चार आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण आपल्या पायाखाली आहे. या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपण रोज बघतो. त्याच मातीवर दोन इंच सिमेंटचा थर देऊन केलेली नाली किती वर्षे सरळ राहील? ती मध्येच उचलली जाते, मध्येच बसते, सांध्यांत तडकते. तडकीतून पाणी खाली मुरते, माती आणखी फुगते, तडक आणखी वाढते.

दुसरे कारण पाण्याचे प्रमाण. पूर्वी हापशावरून किंवा आडावरून पाणी आणावे लागायचे तेव्हा ते जपून वापरले जायचे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ६५ टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरले, तर रोज सुमारे १८० लिटर. १५ लिटरच्या बादलीने मोजले तर १२ बादल्या. नळ घरात आला याचा आपल्याला आनंद आहे. पण पाणी आणण्याची योजना झाली, पाणी घालवण्याची योजना तिच्या मागे राहिली.

तिसरे कारण वर सांगितले तेच, अंगणात झालेले बांधकाम.

चौथे कारण सगळ्यात महत्त्वाचे आहे, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते. ते म्हणजे रस्त्याची पातळी.

नाली वाहायला उतार लागतो. ४ इंची नळाला ६० फुटांत १ फूट उतार दिला तर पाणी नीट जाते, असा गवंड्यांचा सर्वसाधारण हिशेब. म्हणजे न्हाणीपासून रस्त्याच्या गटारापर्यंत ३० फुटांचे अंतर असेल तर उतार हवा ६ इंचांचा. आता वस्तीत सिमेंट रस्ता होतो. त्याची जाडी साधारण ६ इंच असते. जुना रस्ता उकरून, त्याच पातळीवर नवा केला तर अडचण नाही. पण उकरायला वेळ लागतो, पैसा लागतो, म्हणून जुन्यावरच नवा थर ओतला जातो. रस्ता ६ इंच वर आला, त्याच्या कडेचे गटारही तेवढेच वर बांधले, की अंगणातल्या नालीचा सगळा उतार एका दिवसात संपला. दुसऱ्यांदा थर पडला की उतार उलटा होतो. मग पावसाळ्यात रस्त्याचे पाणी अंगणात येते आणि न्हाणीचे पाणी न्हाणीतच उभे राहते.

हे होताना घरातल्या कोणीही काही चूक केलेली नसते. नाली तुटलेलीही नसते. तिचे तोंड वर गेलेले असते, इतकेच. आणि ते वर नेले सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाने. हा आरोप कोणा एका ग्रामपंचायतीवर नाही. ही रस्ता करण्याची पद्धतच झाली आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या गावोगावच्या, शहरांतल्याही वस्त्यांत दिसते.

आता खर्च मोजू

समजा घर सास्तूरसारख्या एखाद्या पुनर्वसित गावातले आहे. ३० फुटांची नाली नव्याने टाकायची आहे. उघडी सिमेंटची नाली काळ्या मातीत पुन्हा तडकणार, म्हणून ४ इंची पीव्हीसी नळ आणि दोन ठिकाणी विटांचे छोटे चेंबर, असे काम धरू. खालचे दर आम्ही हिशेबासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून ही बेरीज पुन्हा करावी.

नळ २० फुटी दोन, १,००० रुपयांप्रमाणे २,०००. विटा १२०, ८ रुपयांप्रमाणे ९६०. सिमेंट ३ पोती, ३८० प्रमाणे १,१४०. वाळू किंवा क्रश सँड १,२००. चेंबरची झाकणे दोन, ८००. न्हाणीची जाळी, बेंड वगैरे ४००. गवंडी दोन दिवस, ८०० प्रमाणे १,६००. त्याच्या हाताखालचा मजूर दोन दिवस, ५०० प्रमाणे १,०००. माल घरापर्यंत आणायचे ५००. एकूण ९,६०० रुपये.

ही रक्कम नोकरदाराला मोठी वाटणार नाही. पण रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला मजुरीचा दर ३१२ रुपये होता. ९,६०० ला ३१२ ने भागा. जवळजवळ ३१ दिवस येतात. म्हणजे एका माणसाने महिनाभर रोज काम केले, एक दिवस सुटी घेतली नाही, एक रुपया खाल्ला नाही, तर नाली होते. जिथे महिनाभर सलग काम मिळतच नाही, तिथे हा खर्च बचतगटाच्या कर्जातून किंवा उसनवारीतून होतो, किंवा होतच नाही.

होत नाही तेव्हा काय होते, तेही खर्चात धरले पाहिजे. त्या १२ बादल्या कोणीतरी उचलून रस्त्यावर टाकते. कोण टाकते, हे आपल्या घरात पाहिले की कळेल. मजुरीवरून आलेली बाई संध्याकाळी आधी साचलेले पाणी उपसते आणि मग स्वयंपाकाला लागते. हे काम कोणत्याही अंदाजपत्रकात नाही. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात. आणि पायाशी मुरणारे पाणी काळी माती फुगवते, जोत्याला आणि भिंतीला तडे जातात. भूकंपानंतर सरकारने आपल्याला घर दिले ते भूकंपात टिकावे म्हणून. त्या घराच्या पायाशी वर्षानुवर्षे पाणी मुरत असेल, तर ९,६०० रुपये वाचवताना आपण घराची ताकद घालवतो आहोत. सास्तूरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

आणि शेवटी सर्वांत वाईट गोष्ट. रस्त्याचे गटार वर असेल, तर हे ९,६०० रुपये खर्चूनही पाणी जाणार नाही. उतारच नसेल तर नवा नळही तुंबेल. म्हणून पैसा काढण्याआधी पातळी मोजा, हा आमचा पहिला सल्ला आहे.

पैसा कुठे आहे आणि कुठे थांबतो

सरकारकडे सांडपाण्यासाठी पैसाच नाही, असे म्हणता येणार नाही. निदान चार ठिकाणी तो आहे.

एक, पंधरावा वित्त आयोग. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित ठेवला गेला. त्यातला निम्मा, म्हणजे ३० टक्के, स्वच्छतेसाठी. महाराष्ट्रात या अनुदानाचा ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला देण्याची पद्धत होती. आता २०२६-२७ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ येतो, म्हणजे गावाच्या आराखड्यात नव्याने काय घ्यायचे हे ठरवण्याची हीच वेळ आहे.

दोन, स्वच्छ भारत मिशन ग्रामीणचा दुसरा टप्पा. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत सांडपाणी व्यवस्थापनासाठी ५,००० लोकसंख्येपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपये अशी मर्यादा घातली होती.

तीन, आपल्या सर्वांच्या तोंडी "दलित वस्ती सुधार" म्हणून असलेली योजना, जिचे आजचे नाव अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास असे आहे. वस्तीच्या लोकसंख्येनुसार तिच्यात रकमेचे टप्पे असतात. २०११ च्या शासन निर्णयात १० ते २५ लोकांच्या वस्तीला २ लाखांपासून ३०० च्या वरच्या वस्तीला २० लाखांपर्यंत असे टप्पे होते. १५१ ते ३०० लोकांच्या वस्तीला १५ लाख. चालू रकमा किती आहेत, ते पंचायत समितीच्या समाजकल्याण विभागात विचारून घ्यावे.

चार, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के, जे मागासवर्गीयांसाठी खर्च करायचेच असतात.

आता ६० घरांची, ३०० माणसांची एक वस्ती धरा. सगळ्या घरांच्या अंगणातल्या नाल्या नव्याने करायच्या तर ६० गुणिले ९,६०० म्हणजे ५ लाख ७६ हजार. स्वच्छ भारतच्या हिशेबाने ३०० माणसांच्या वाट्याला लहान गावात ८४ हजार आणि मोठ्या गावात १ लाख ९८ हजार येतात. तेवढ्यात हे काम होत नाही. पण वस्ती विकासाच्या जुन्या १५ लाखांच्या टप्प्याशी तुलना करा. ५ लाख ७६ हजार म्हणजे त्या रकमेच्या ४० टक्क्यांहूनही कमी. म्हणजे एका वस्तीच्या सगळ्या घरांचे पाणी नीट वाहून जावे, एवढी ताकद या योजनेत आहे. तरी तो पैसा अंगणात येत नाही. का?

कारण पैसा रस्त्याच्या कडेला थांबतो. योजनेतून सिमेंट रस्ता होतो, रस्त्याकडेचे गटार होते, समाजमंदिर होते, कमान होते. या कामांची लांबी-रुंदी मोजता येते, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, बिल निघते, उद्घाटन होते. अंगणातली ३० फुटी नाली ६० वेगवेगळ्या उंबऱ्यांत जाऊन मोजावी लागते. आणि दुरुस्ती ही तर कोणालाच नको असते. नव्या कामाला अंदाजपत्रक आहे, दुरुस्तीला नाही. म्हणून एकाच रस्त्यावर दोनदा-तीनदा सिमेंट पडते, आणि प्रत्येक वेळी अंगणे आणखी खड्ड्यात जातात.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो आपल्यातलेच लोक घेतात. "घर आपले, अंगण आपले, मग नाली सरकारने का करायची? प्रत्येक गोष्ट सरकारकडे मागायची सवय बरी नाही." या आक्षेपात तथ्य आहे. आम्ही तो उडवून लावत नाही. घरातली जाळी तुटली, चेंबरचे झाकण फुटले, नालीत राख आणि भाताचे खरकटे टाकून ती तुंबली, तर तो खर्च घरानेच करायचा. पण रस्ता वर गेल्याने नालीचा उतार गेला, तर ते नुकसान सार्वजनिक कामाने केलेले आहे. शेजाऱ्याने आपली भिंत पाडली तर ती बांधायचा खर्च आपण त्याच्याकडे मागतो, त्याला कोणी फुकटेपणा म्हणत नाही. इथेही तसेच आहे. दोन कारणे वेगळी करा, म्हणजे दोन खर्चही वेगळे होतील. आणि ती वेगळी करायला लागते एक नळी.

पातळी मोजणारी नळी

गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. नळीचे एक टोक न्हाणीपाशी, दुसरे रस्त्याच्या गटारापाशी धरायचे. दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीवर उभे राहते. तिथून खाली न्हाणीच्या तोंडापर्यंत किती इंच आणि गटाराच्या तळापर्यंत किती इंच, हे टेपने मोजायचे. दोहोंतला फरक म्हणजे उतार. एका घराला दहा मिनिटे लागतात. चार तरुण रविवारी बसले तर ६० घरांची वस्ती दोन रविवारांत होते.

एका वहीत रकाने आखा. घर क्रमांक, नालीची लांबी, उतार किती इंच, नाली कशाने बिघडली (रस्त्याने, मातीने, बांधकामाने की कचऱ्याने), आणि दुरुस्तीचा अंदाज. जिथे उतार ६ इंचांऐवजी १ इंच आहे किंवा उलटा आहे, त्या घरांची वेगळी यादी करा. ही यादी हाती आली की ग्रामसभेतले बोलणे बदलते. "आमच्या वस्तीत फार घाण आहे" हे वाक्य ऐकायची सगळ्यांना सवय झाली आहे. "३० फुटांत ६ इंच उतार लागतो, रस्त्याच्या कामानंतर २२ घरांचा उतार २ इंचांच्या खाली आला आहे, ही यादी" हे वाक्य इतिवृत्तात लिहावे लागते. (२२ हा आकडा उदाहरणापुरता आहे. तुमचा आकडा तुम्ही मोजून आणा.)

जिथे गटार खरेच वर गेले आहे आणि खाली घेणे शक्य नाही, तिथे शोषखड्डा हा दुसरा मार्ग आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून उघड्या गटारांपासून सुटका करून घेतली. पुढे तो प्रकार "नांदेड पॅटर्न" म्हणून जिल्हाभर गेला आणि रोजगार हमीतून शोषखड्डे घेण्याची वाट मोकळी झाली. साधारण ४ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची छोटी टाकी, भोवती दगड-गोटे. खोदाई १,५००, दगड १,५००, टाकी ८००, नळ व जोड ७०० असे धरले तर ४,५०० रुपयांत होतो, म्हणजे नालीच्या निम्म्याहून कमी.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतील. काळ्या मातीत पाणी मुरत नाही. खड्डा मुरुमापर्यंत न्यावा लागतो, आणि मुरूम खोल असेल तर खोदाईचा खर्च वाढतो. दुसरे, २५० चौरस फुटांच्या घरासमोर उरलेल्या अंगणात घराच्या पायापासून आणि बोअरपासून पुरेसा लांब खड्डा घ्यायला जागा असतेच असे नाही. तिथे दोन-तीन घरांत मिळून एक सार्वजनिक खड्डा हाच उपाय, आणि तो मागण्यासाठी पुन्हा यादी लागते.

साफ कोण करणार?

हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. नाली म्हटले की गावाच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट माणूस येतो. आपल्या बापजाद्यांनी ती कामे नाकारली, झाडू खाली ठेवला, आणि त्यातूनच आपण उभे राहिलो. म्हणून नालीच्या प्रश्नाबद्दल आपल्या तरुणांच्या मनात एक दुरावा असतो, आणि तो आम्हाला समजतो.

पण दुरावा ठेवल्याने ते काम नाहीसे होत नाही. ते आपल्याहून गरीब, आपल्याहून असंघटित माणसाच्या अंगावर जाते. घरातल्या शौचालयाच्या टाकीचे पाणी उघड्या नालीत सोडलेले असेल आणि ती नाली कोणाला हाताने उपसायला लावली, तर ते २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याशी थेट भिडणारे आहे, मग उपसणारा कोणत्याही समाजाचा असो. म्हणून यादीत आणखी एक रकाना हवा : शौचालयाचे पाणी नालीत येते का? येत असेल तर आधी ते थांबवायचे. आणि हा रकाना फक्त आपल्या वस्तीपुरता नाही, वरच्या आळीलाही लावायचा. कारण पाणी वरून खाली येते, आणि खाली कोणाची वस्ती आहे हे सांगायला नको.

नळ आणि चेंबरची बंद नाली बांधली, तर ती बांबूच्या काठीने आणि पाण्याच्या झोताने साफ करता येते, कोणाला हात घालावा लागत नाही. म्हणून उघड्या नालीपेक्षा ती महाग पडली तरी आम्ही हिशेब तिचाच केला. माणसाची अब्रू राखणारी नाली हाच मुद्दा अंदाजपत्रकात धरायचा.

धम्मात याला जागा आहे

भगवंतांच्या काळी भिक्खूंच्या स्नानगृहात पाणी साचू लागले, तेव्हा पाणी वाहून जायला नाली करण्याची परवानगी देण्यात आली. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात ही नोंद आहे. दुःखाच्या कारणांचा शोध घेणाऱ्या धम्माने न्हाणीच्या पाण्याकडे दुर्लक्ष केले नाही. ज्यांना हा विषय आपल्या चळवळीच्या मानाने लहान वाटतो, त्यांनी चुल्लवग्ग उघडून पाहावा.

आणि २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न पाण्यापर्यंत पोहोचण्याच्या हक्काचा होता. आज नळ घरात आहे. आता प्रश्न वापरलेले पाणी सन्मानाने घराबाहेर जाण्याचा आहे. हा दुसरा प्रश्न पहिल्याएवढा मोठा नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण तो रोजचा आहे, आणि तो आपल्याला सोडवता येण्यासारखा आहे.

येत्या महिन्यात काय करता येईल

पुढची ग्रामसभा येण्याआधी दोन रविवार काढा आणि वही तयार करा. यादीची प्रत सही-शिक्क्याची पोच घेऊन ग्रामपंचायतीत द्या. वस्ती विकासाच्या योजनेतून गेल्या पाच वर्षांत वस्तीत कोणती कामे झाली, त्यांची अंदाजपत्रके आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्या अंदाजपत्रकांत जुना रस्ता उकरण्याची बाब होती का, हे बघा. असेल आणि काम झाले नसेल, तर तो वेगळा प्रश्न आहे. नसेल, तर पुढच्या कामात ती घालायला लावा.

ग्रामसभेत तीन ठराव मागा. वस्तीत यापुढे जुन्या रस्त्यावर थर न चढवता आधीची पातळी राखूनच रस्ता करावा. रस्त्याच्या अंदाजपत्रकात त्या रस्त्यालगतच्या प्रत्येक घराची नाली जोडून देण्याचा खर्च धरावा. आणि ज्या घरांचा उतार आधीच गेला आहे, त्यांची दुरुस्ती १५ टक्के निधीतून किंवा वस्ती विकासाच्या आराखड्यातून घ्यावी, सुरुवात सगळ्यात लहान घरांपासून करावी. तिसऱ्या ठरावातले शेवटचे चार शब्द सोडू नका. १९९३ नंतर यादी जमिनीवरून लागली होती. या वेळी ती गरजेवरून लागू द्या.

ठराव झाला नाही तर लेखी कारण मागा. ठराव झाला आणि काम झाले नाही तर पुढच्या ग्रामसभेत तीच वही पुन्हा उघडा. ज्या वस्तीत वही तयार होईल, त्यांनी तिचे आकडे आमच्याकडे पाठवावेत. घरांची आणि माणसांची नावे वगळून आम्ही ते याच ठिकाणी मांडू, म्हणजे शेजारच्या गावातल्या कार्यकर्त्यांना आपला उतार ताडून पाहता येईल.

जय भीम.